स्पर्धा खाजगी, पाणी कुणाचं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या आसपास पाण्याला तोटा नाही. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींत मिसळतात, तिथून पुढे त्या प्राणहिता म्हणून वाहतात आणि महाराष्ट्र-तेलंगणाची सीमा आखत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतात. वर दिना नदीवर रेगडीचं धरण आहे, गावोगावी बोड्या म्हणजे छोटी तळी आणि माजी मालगुजारी तलाव आहेत, आणि मरळ, वाम, रोहू, कतला यांची चव ओळखणारी माणसं घरोघरी आहेत. अशा मुलखात उद्या एखाद्या मित्रमंडळानं किंवा व्यापारी संघानं गळाच्या मासेमारीची खाजगी स्पर्धा भरवायची ठरवली, तर त्यासाठी पत्रकं छापून चौकात वाटावी लागणार नाहीत. मोबाइलवर अर्ध्या तासात फॉर्म तयार होईल, त्याची लिंक व्हॉट्सॲपवर फिरेल, शुल्क यूपीआयनं जमा होईल. मग आयोजकांपुढे प्रश्न येईल तो असा: हा फॉर्म कुणी भरायचा आणि कुणी नाही, हे ठरवायचं कसं? वरवर हा संगणक जाणणाऱ्या पोरानं सोडवायचा प्रश्न वाटतो. पण मासा पाण्यात असतो, आणि पाण्यावर कुणाचा हक्क हा पूर्व विदर्भातला फार जुना तंटा आहे. त्यामुळे नोंदणीचं दार कसं बंद करायचं याचं उत्तर शोधायला कायद्याची आणि इतिहासाची काही पानं चाळावी लागतात. ती चाळल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. स्पर्धा खाजगी ठेवण्याचा अधिकार आयोजकांना आहे, पण ज्या निकषावर दार बंद केलं तो निकष सर्वांसमोर वाचून दाखवता आला पाहिजे, आणि ज्याला नकार मिळाला त्याला कारण कळलं पाहिजे.

आधी हे मान्य करायला हवं की प्रवेशावर नियंत्रण हवंच. गळ टाकून बसणाऱ्या दोघांमध्ये काही हातांचं अंतर लागतं. नाही तर दोऱ्यांचा गुंता होतो आणि मागे फेकलेला गळ शेजाऱ्याच्या अंगात रुततो. म्हणजे काठाची लांबी ठरलेली असली की स्पर्धकांची संख्याही आपोआप ठरते. पाण्याजवळ गर्दी जमवणं हा जिवाशीही खेळ असतो. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांचा जीव गेला. ही नदी किती बेभरवशाची आहे ते जिल्ह्यानं तेव्हा पुन्हा पाहिलं. काठावर नेमकं कोण आणि किती जण आहेत याची यादी आयोजकांच्या हातात असणं ही म्हणून किमान गरज आहे. तिसरं कारण फसवणुकीचं. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत दोघांनी पकडलेल्या माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरलेले सापडले. बक्षीस सुमारे 29 हजार डॉलरचं होतं. वजन आणि आकाराचा मेळ बसेना म्हणून मासे तिथल्या तिथे चिरले गेले, प्रकरण न्यायालयात गेलं, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना दहा दिवसांची कैद झाली. बक्षीस मोठं झालं की स्पर्धक खरंच कोण आहे, एकच माणूस दोन नावांनी तर आलेला नाही, मागे बाद झालेला पुन्हा शिरलेला नाही, हे पाहावंच लागतं. थोडक्यात, ज्याला वाटेल त्यानं यावं असं म्हणणारी स्पर्धा उदार दिसते, पण ती धड चालत नाही.

नियंत्रण हवं हे मान्य केल्यावर खरा पेच सुरू होतो. आयोजक म्हणतात, ‘स्पर्धा खाजगी आहे, आमचे पैसे, आमचं बक्षीस, आम्ही हवं त्याला बोलावू.’ घरच्या जेवणाला हे तत्त्व शंभर टक्के लागू पडतं. मासेमारीला ते पुरतं लागू पडत नाही, कारण आयोजकांचं जे आहे ते बक्षीस, मांडव आणि ध्वनिक्षेपक. मासा आणि पाणी त्यांचं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सात हजारांच्या आसपास माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर समाजांच्या मेहनतीनं ते बांधले गेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिले, आणि 1950 च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. आजही लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. या तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर, केवट, भोई समाजाच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. संस्था पावसाळ्यात मत्स्यबीज आणि बोटुकली विकत आणून तलावात सोडते, वर्षभर राखण करते आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं ओढते. अशा तलावात रविवारच्या हौसेसाठी गळ टाकणारा माणूस दुसऱ्यानं पेरलेलं पीक काढत असतो. संस्थेची लेखी परवानगी आणि तिला मोबदला यांच्याशिवाय तिथे स्पर्धा भरवणं कुठल्याही अर्थानं खाजगी बाब ठरत नाही.

विदर्भात तर ही समज कायद्यातच उतरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये खास विदर्भासाठी एक वेगळं प्रकरण आहे. त्यात गावानं मोकळी जमीन कशी वापरायची ते सांगणाऱ्या निस्तारपत्रकाची तरतूद आहे आणि वाजिब-उल-अर्ज नावाच्या नोंदीचीही. गावात परंपरेनं चालत आलेले पाटाच्या पाण्याचे, वहिवाटीचे आणि मासेमारीचे हक्क या नोंदीत लिहिले जातात, आणि ते शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीत नसलेल्या जमिनीतले आणि पाण्यातलेसुद्धा. म्हणजे एखादी बोडी कागदावर एका कुटुंबाची असली, तरी तिच्यात गावानं मासे धरण्याचा रिवाज असू शकतो आणि सरकारी दप्तर त्याची दखल घेतं. अनुसूचित क्षेत्रात याच्या पुढचं पाऊल आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं, 2014 मध्ये महाराष्ट्राचे नियम आले. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाण्यातली इतर उत्पादनं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि जंगलाचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते हे देशानं इथूनच पाहिलं. खुद्द अहेरी शहरात 2015 पासून नगरपंचायत आहे, आणि पेसा हा ग्रामीण पंचायतींसाठीचा कायदा; त्यामुळे शहराच्या हद्दीतला तलाव आणि दोन कोसांवरच्या गावातली बोडी यांच्यासाठी दार ठोठावावं लागतं ते वेगवेगळ्या ठिकाणी. चपराळा अभयारण्याच्या हद्दीत तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहे, आणि तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकण्याचा विचारही करू नये. तेव्हा फॉर्म उघडण्याआधीची पहिली नोंदणी आयोजकांनी स्वतःची करायची असते, पाण्याच्या खऱ्या हक्कदारापुढे.

‘हे पाणी खाजगी आहे’ हे वाक्य महाराष्ट्रानं एकदा मोठ्या न्यायालयीन लढाईत ऐकलेलं आहे, आणि त्याचा धडा इथे उपयोगी पडतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या सीताराम केशव बोले यांच्या ठरावानंतर 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या सत्याग्रहींनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण मंडळी न्यायालयात गेली. त्यांचा एक प्रमुख मुद्दा हाच होता की तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे. खटला दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख झाला: राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणावर बंधन घालता येणार नाही. मासेमारीची स्पर्धा आणि महाडचा सत्याग्रह यांची तोलामोलाची बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की ‘खाजगी’ हा शब्द उच्चारून सार्वजनिक पाण्याला दार बसवता येत नाही, हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. फॉर्ममध्ये जातीचा रकाना नसेल, तरीही निवड आडनाव पाहून होत असेल तर ती बंदी तीच असते, आणि आत बसलेल्या चार जणांखेरीज ती कुणाला दिसत नसल्यामुळे जास्त घातक असते.

मग कायदेशीर आणि न्याय्य दार कसं असतं? त्याचा नमुना दूर कुठे शोधायला नको, तो मासेमारांच्या सहकारी संस्थेतच आहे. सहकारी संस्था ही एका अर्थी बंद वर्तुळ असते. तिचं कार्यक्षेत्र ठरलेलं असतं, तिच्या उपविधीत सभासदाची पात्रता लिहिलेली असते, आणि मासेमारी न करणाऱ्याला मच्छीमार संस्थेत शिरण्याचं कारण नसतं. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नं या बंद वर्तुळाला तीन अटी घातल्या. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर कारणांसह कळवावं लागतं, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं काहीच कळवलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. शिवाय नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. या तरतुदी कागदोपत्री आहेत तशा सगळीकडे पाळल्या जातात असं कुणी म्हणणार नाही. संस्था ठरावीक घरांच्या मुठीत गेल्याच्या तक्रारी चारही जिल्ह्यांत ऐकू येतात. पण त्या तक्रारींना उभं राहायला जमीन मिळते ती याच कलमांची. आजच्या ऑनलाइन नोंदणीत मात्र नेमकं हेच हरवलेलं आहे. अर्ज भरला, ‘धन्यवाद’ असं आलं, पुढे शांतता. निवड झाली की नाही, नसेल तर का, विचारायचं कुणाला, याचा पत्ता नसतो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या कागदी कायद्यानं जे सोडवलं होतं, ते आपण मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा अडवून ठेवलं आहे.

आता नोंदणीच्या कुलपाकडे वळू, कारण प्रत्येक कुलूप वेगळ्या प्रकारचा न्याय करतं. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लिंक गुपचूप ठेवणं. ती ज्यांना पाठवली त्यांनीच फॉर्म भरावा अशी अपेक्षा असते, पण व्हॉट्सॲपवर गुपित राहत नाही. एकानं पुढे ढकललं की आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत ती पोहोचते. सर्वांना एकच संकेतशब्द देणं हाही तसाच प्रकार, फक्त एक पायरी वाढलेली. दोन्हींचा मोठा दोष असा की आत कोण आलं याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. दुसरा मार्ग प्रत्येक निमंत्रिताला वेगळा, एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक देण्याचा. तो वापरला की निकामी होतो, आणि दुसऱ्याला दिला तर कुणी दिला ते कळतं. मित्रमंडळाच्या छोट्या स्पर्धेला हा पुरतो. तिसरा मार्ग पात्र लोकांची यादी आधीच तयार करून ठेवण्याचा: संस्थेचे सभासद, मागच्या वर्षीचे स्पर्धक, प्रत्येक गावानं सुचवलेली नावं. फॉर्म भरणाऱ्याचा मोबाइल क्रमांक यादीशी जुळला आणि ओटीपी बरोबर आला तरच नोंद होते. चौथा मार्ग अर्ज सर्वांसाठी खुला ठेवून मंजुरी नंतर देण्याचा. अर्ज ‘प्रलंबित’ दिसतो, समिती तपासते, मग ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ होतो, आणि शुल्क मंजुरीनंतरच घेतलं जातं. काम सर्वांत जास्त याच मार्गात आहे. तरीही सार्वजनिक पाण्यावरच्या स्पर्धेसाठी तोच योग्य, कारण नकाराला इथे जागा आहे, म्हणून कारणालाही आहे. पहिल्या तीन मार्गांत नकार मिळालेला माणूस दारापर्यंत पोहोचतच नाही. त्याला नकार मिळाला हेसुद्धा कळत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: एवढी उठाठेव कशाला, जो आधी येईल त्याला जागा, याहून सरळ न्याय कोणता? ऐकायला बरोबर वाटतं, कारण यात कुणाचं तोंड पाहिलं जात नाही. पण सकाळी दहाला फॉर्म उघडला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पन्नास जागा भरल्या, तर त्या भरल्या कुणी याचा विचार करा. ज्याच्या घराजवळ टॉवर आहे, ज्याचा फोन स्वतःचा आहे, ज्याला फॉर्मची भाषा येते आणि जो त्या वेळी शेतावर किंवा तेंदूपत्त्याच्या फडीवर नाही, त्यानं. भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतल्या कित्येक गावांत फोन लावायला अजूनही ठरावीक टेकाड गाठावं लागतं. घरात एक फोन असेल तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, म्हणजे तलावावर रोज जाणारी बाईसुद्धा ओटीपीपाशी अडते. घड्याळ निःपक्षपाती असतं, पण घड्याळापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सर्वांचा सारखा नसतो. यावर उपाय अवघड नाही. अर्ज आठवडाभर खुले ठेवावेत, ग्रामपंचायतीत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात कागदी अर्जही घ्यावेत, आणि पात्र अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठी काढण्याची रीत गावाला ठाऊक आहे आणि तिच्यावर विश्वासही आहे. प्रतीक्षा यादी क्रमानं जाहीर केली म्हणजे ऐनवेळी गळालेल्याच्या जागी कुणाला घ्यायचं यावरून वाद होत नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न या भागात आणखी गुंतागुंतीचा आहे. आत्राम, मडावी, गावडे, वेलादी ही आडनावं रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिली जातात. मतदार ओळखपत्रावर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरी, फॉर्ममध्ये तिसरी. संगणकानं ही वेगळी माणसं मानली तर एक माणूस दोनदा शिरतो, आणि अक्षर न जुळल्यानं नाव बाद केलं तर खरा माणूस बाहेर राहतो. म्हणून जुळणी नावावर न करता मोबाइल क्रमांक आणि गाव यांच्यावर करावी आणि शंका आली तर माणसानं फोन करून खात्री करावी. आधारची छायाप्रत मागण्याचा मोह मात्र टाळावा. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 च्या निकालात खाजगी संस्थांनी आधार सक्तीनं मागण्याचा रस्ता बंद केला, आणि स्पर्धेच्या दिवशी कुठलंही छायाचित्र असलेलं ओळखपत्र पाहून काम भागतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम यांची बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यांचा गाभा साधा आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, काय घेतलं आणि कशासाठी ते आधी सांगा, काम संपल्यावर ती पुसून टाका, आणि अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची पडताळलेली संमती घ्या. माहिती कशासाठी घेतली याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध करून देण्याची तरतूद कायद्यात आहे. अहेरीच्या बाजारात मराठी, तेलुगू, बंगाली आणि गोंडी या चारही भाषा कानावर पडतात. पहिल्या तीन त्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. कायदा जिथे थांबतो तिथे आयोजकांनी थांबू नये. कागदी अर्ज घेणाऱ्याला गोंडी येत असेल तर निम्मी अडचण तिथेच मिटते.

सर्वांत जास्त वाद होईल तो ‘फक्त स्थानिकांसाठी’ या अटीवर. स्थानिकांना प्राधान्य देणं हाही भेदभावच नाही का, असं विचारणारा माणूस चुकीचं विचारत नाही. उत्तर यात आहे की अट कशावर बेतली आहे. जात, धर्म, जन्मगाव यांवर बेतलेली अट माणसाला बदलता येत नाही आणि मासेमारीशी तिचा संबंध नाही. तलावाचा ठेका घेतलेल्या संस्थेचं सभासदत्व, तलावाच्या काठच्या गावातलं सध्याचं वास्तव्य, प्रत्यक्ष मासेमारीवर चालणारं पोट, या अटी पाण्याशी असलेल्या नात्यातून येतात आणि पडताळता येतात. ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे आणि इथल्या मासेमारीचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे आहे. तरी त्याचं प्राधान्य व्यवसाय आणि ठेका यांच्या आधारे लिहावं, जातीच्या नावानं नाही. असं केलं की मुलचेरा तालुक्यात वसवलेल्या बंगाली कुटुंबातला मासेमारही त्याच अटीत बसतो, आणि बसायला हवा. पिनकोडवर गाळणी लावणं हा झटपट उपाय इथे फसतो. प्राणहितेच्या पलीकडच्या काठावर तेलंगण आहे, वांगेपल्ली-गुडेम पुलावरून रोजची ये-जा आहे, सोयरीक दोन्ही काठांवर आहे. नदीवरची स्पर्धा असेल तर पलीकडचा मासेमार परका कसा? आणि गावच्या तलावावरची स्पर्धा असेल तर नागपुरात नोकरी करणारा, गावात फक्त आडनाव उरलेला माणूस स्थानिक कसा? दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, मात्र ती अर्ज येण्याआधी लिहून ठेवलेली असली पाहिजेत. अर्ज पाहून बनवलेला निकष हा निकष नसतो, ती माणसाची निवड असते.

आणखी एक आक्षेप व्यवहाराचा आहे: पन्नास जणांच्या हौशी स्पर्धेला एवढे नियम लावले तर कुणी स्पर्धा भरवणारच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून प्रमाण राखायला हवं. स्वतःच्या शेततळ्यात, स्वतः सोडलेल्या माशांवर, वीस मित्रांनी गळ टाकला तर तिथे निमंत्रणाचा क्रमांक पुरे आणि कुणाला का बोलावलं नाही याचा खुलासाही कुणी मागू नये. देशात गळाच्या मासेमारीचे क्लब आहेत, मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे, हिमाचलात ट्राऊटच्या नदीत गळ टाकायला मत्स्य खात्याचा परवाना लागतो. सभासदत्व किंवा परवाना यांतून प्रवेश ठरवण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. नियमांचं ओझं वाढतं ते पाणी सार्वजनिक असेल, बक्षीस मोठं असेल किंवा प्रायोजक म्हणून सरकारी खातं असेल तेव्हा. आणि तेव्हाही ओझं वाटतं तेवढं नसतं. चार-पाच निकष, नकाराची ठरलेली दोन-तीन कारणं, तीन जणांची समिती आणि एक फोन क्रमांक. समितीत एक जण आयोजकांचा, एक मच्छीमार संस्थेचा आणि एक ग्रामसभेनं सुचवलेला असावा. म्हणजे नामंजूर अर्जावर दाद मागायची जागाही तयार होते. फॉर्म बनवणाऱ्याला यासाठी फार तर एक संध्याकाळ जास्त लागेल. नियम नसतील तर मात्र पुढचा सगळा उन्हाळा भांडणात जाईल आणि पुढच्या वर्षी संस्था तलाव देणार नाही, हे कुठल्याही आयोजकाला हिशेबानंच पटावं.

नियंत्रणाची ही शिस्त पाण्याच्याही उपयोगाची आहे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या दिवसांत स्पर्धा नको. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. भंडारा-गोंदिया भागात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाबरोबर केलेल्या कामातून हे दिसलं आहे की तलावात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, बेशरमसारखी उपटसुंभ झाडं काढली, तर हरवलेले देशी मासे परत येतात. म्हणजे तलावातला मासा आपोआप येत नाही, त्यामागे कुणाचे तरी हात असतात. नोंदणी अर्जात स्पर्धकानं कुठल्या आकाराखालचा मासा परत सोडायचा, कुठलं आमिष वापरायचं, प्लास्टिकचा दोरा काठावर टाकायचा नाही, हे वाचून मान्य केलं असेल, तर ती यादी पुढे पाणी राखणाऱ्यांच्या उपयोगी पडते. नियम मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी नाकारायचं असेल तर कारण लेखी असतं, आणि तसं कारण कुणालाही तोंडावर सांगता येतं.

शेवटी आयोजकांनी फॉर्मची लिंक पाठवण्याआधी एक परीक्षा स्वतःची घ्यावी. कुणाला प्रवेश आहे, कुणाला नाही आणि का, हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल का? लावता येत असेल तर लिंक बंद ठेवा, क्रमांक द्या, ओटीपी मागा, हवी तेवढी कुलपं घाला. स्पर्धा खाजगी राहील आणि कुणाचा अवमानही होणार नाही. त्या कागदावरची एखादी ओळ लिहिताना हात अडखळत असेल, तर गडबड त्या ओळीत आहे, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती दुरुस्त करणार नाही.